आंतड्याचा पीळ आणि गर्भिणी

मराठींत आंतड्याला मायेचें स्थान मानण्याची रीत फार जुनी आहे. मूल दूर गेलें म्हणजे आईचें आंतडें तुटतें. कोणाचें दुःख ऐकलें कीं ऐकणाऱ्याचीं आंतडीं पिळवटतात. हा पीळ अलंकाराचा असतो तोंवर त्यानें कोणाचें कांहीं बिघडत नाहीं. परंतु पोटांतील आंतडें जेव्हां खरोखरच स्वतःभोंवतीं पीळ घेतें आणि त्याचा मार्ग बंद होतो, तेव्हां घड्याळाकडे पाहण्याची वेळ आलेली असते. हा विकार कोणालाही होऊं शकतो. पण दोन प्रसंगीं त्याचें विशेष भय असतें. स्त्री गरोदर असतांना व बाळंत झाल्यावर पहिल्या कांहीं दिवसांत, हा एक प्रसंग. आणि पोटावर पूर्वीं केव्हां तरी शस्त्रक्रिया झालेली असणें, हा दुसरा. सिझेरियन शस्त्रक्रिया शहरांतून आतां इतकी नित्याची झाली आहे कीं, हे दोन्ही प्रसंग एकाच स्त्रीच्या ठिकाणीं एकत्र येणें मुळींच नवलाचें राहिलेलें नाहीं.

विकार तसा विरळाच. गरोदरपणांत आंतड्याचा मार्ग बंद होण्याचें प्रमाण निरनिराळ्या पाहण्यांत दर १,५०० बाळंतपणांत एक येथपासून दर ६६,००० बाळंतपणांत एक येथपर्यंत दिलेलें आढळतें. आंकड्यांत एवढी तफावत असावी ह्यावरूनच दिसून येतें कीं, बहुतेक डॉक्टरांना असे रुग्ण साऱ्या आयुष्यांत एकदोनच पाहावयास मिळतात. हा विरळपणा येथें दिलासा नसून अडचण आहे, कारण जें नेहमीं दिसत नाहीं तें ऐन वेळीं आठवत नाहीं.

आंतड्याला पीळ पडतो तरी कसा, हें समजण्यासाठीं त्याची पोटांतील मांडणी लक्षांत घेतली पाहिजे. मनुष्याचें लहान आंतडें सुमारें २० फूट लांब असतें. तें पोटांत सुटें पडलेलें नसतें. एका पातळ, दुपदरी पडद्याच्या कांठाला तें शिवल्यासारखें जोडलेलें असतें, आणि ह्या पडद्याची दुसरी कड पोटाच्या मागील भिंतीला, पाठीच्या कण्यापुढें, अवघ्या ६ इंचांच्या तिरप्या रेषेंत चिकटलेली असते. नऊवारी लुगड्याच्या निऱ्या ज्यांनीं पाहिल्या आहेत त्यांना ही रचना निराळी समजावून सांगावयास नको. कमरेशीं चार बोटांत खोचलेल्या निऱ्या खालीं केवढा घेर धरतात! आंतड्याचा सारा घेर असाच एका आंखूड मुळावर तोललेला आहे, आणि त्याला रक्त पुरविणाऱ्या वाहिन्या ह्याच पडद्यांतून त्याच्याकडे जातात. म्हणून मुळाशीं पीळ पडला कीं अन्नाचा मार्गच नव्हे, तर रक्ताचा मार्गही अडतो.

मोठ्या आंतड्याचा बराचसा भाग पोटाच्या मागील भिंतीला पक्का चिकटलेला असतो, त्याला पीळ पडण्यास वाव नसतो. मुख्य अपवाद दोन. उजवीकडे खालीं, जेथें लहान आंतडें मोठ्याला मिळतें, त्या उंडुकाचा भाग कांहीं माणसांत सैल राहतो. आणि डावीकडे खालीं, गुदद्वाराच्या वरच्या बाजूस, एक नागमोडी वेटोळें असतें. ग्रीक लिपींतील सिग्मा ह्या अक्षरावरून त्याला सिग्मॉइड असें नाव पडलें आहे. ह्या वेटोळ्याचे दोन्ही पाय एकमेकांच्या अगदीं जवळ असतात. झोपाळ्याच्या दोन्ही दोऱ्या एकाच कडीला बांधाव्या, म्हणजे तो गरकन् फिरून दोऱ्यांना पीळ बसतो. तशीच ही गत. वेटोळें जितकें लांब आणि मळानें जितकें जड, तितकी फिरण्याची भीति अधिक. सिग्मॉइडचा पीळ आफ्रिकेंत, मध्यपूर्वेंत, पूर्व युरोपांत आणि भारतांत, त्यांतही उत्तर भारतांत, पश्चिमेकडील देशांपेक्षां पुष्कळ अधिक आढळतो. भरपूर कोंडा असलेला आहार व त्यामुळें लांब झालेलें मोठें आंतडें हें त्याचें एक कारण सांगतात. पश्चिमेकडे मात्र जुनाट मलावरोधाला दोष देतात. दोन्ही कारणें आपापल्या ठिकाणीं खरीं असावींत.

पीळ पडल्यावर पुढें काय होतें? ओला पंचा पिळतांना पाणी बाहेर पडतें. येथें रक्त आंत कोंडतें. शिरांच्या भिंती पातळ व त्यांतील दाब कमी, म्हणून त्या प्रथम मिटतात. रोहिण्यांच्या भिंती जाड, त्यांतून रक्त येतच राहतें. येणारें रक्त येतें व जाणारें जात नाहीं, त्यामुळें आंतडें सुजतें, जांभळें पडतें, त्याच्या भिंतींतून पाणी झिरपूं लागतें. दोन्ही तोंडें बंद झालेल्या त्या तुकड्यांत वायु सांचून तो फुग्यासारखा ताणला जातो. शेवटीं रोहिण्याही मिटतात आणि आंतडें काळें पडून सडूं लागतें. रक्तपुरवठा पुरता तुटला असेल तर हें सारें सहा तासांच्या सुमारास घडूं शकतें. पीळ सैल असेल तर एक दोन दिवसही लागतात. आपल्या रोग्याच्या पोटांत कोणता पीळ आहे हें बाहेरून कोणालाच दिसत नाहीं.

आतां गर्भिणीकडे वळावें. पहिले तीन महिने गर्भाशय ओटीपोटाच्या हाडांत लपलेलें असतें. सोळाव्या ते विसाव्या आठवड्यांत तें वर पोटांत चढतें, आणि चढतांना आंतड्यांना बाजूला सारतें. ओटीपोटांत निवांत पडलेलें सिग्मॉइडचें वेटोळें त्याच्याबरोबर वर उचललें जातें व स्वतःच्या पायांवर फिरूं शकतें. दुसरा धोक्याचा काळ बत्तिसाव्या ते छत्तिसाव्या आठवड्याचा. त्या वेळीं बालकाचें डोकें खालीं सरकूं लागतें. तिसरा बाळंतपणानंतरचा. नऊ महिने फुगलेलें गर्भाशय एकाएकीं आकसतें आणि दाबून धरलेलीं आंतडीं मोकळ्या झालेल्या जागेंत घरंगळतात. घरांत पाहुण्यांची मोठी पंगत उठून गेल्यावर सामानाची जशी उलथापालथ होते, तसाच हा प्रकार. शिवाय गरोदरपणांतील अंतःस्रावांनीं आंतड्यांची चाल मंदावलेली असते व मलावरोध जडलेला असतो.

शस्त्रक्रियेचा संबंध निराळ्या वाटेनें येतो. पोटाला आंतून एक गुळगुळीत, ओलसर अस्तर असतें, त्यावरून आंतडीं सदैव सरकत असतात. ह्या अस्तराला चाकूचा, टांक्याचा किंवा नुसत्या कोरड्या हाताचाही ओरखडा लागला कीं तेथें चिकट द्रव येतो, आणि तो वेळींच विरला नाहीं तर त्याचे दोरे व पडदे बनून एक आंतडें दुसऱ्याला, किंवा पोटाच्या भिंतीला, जखडून ठेवतात. मेंझीज व एलिस ह्या दोघां ब्रिटिश शल्यविशारदांनीं १९९० सालीं प्रसिद्ध केलेल्या पाहणींत, पूर्वीं पोट उघडलेल्या २१० रोग्यांपैकीं शेंकडा ९३ जणांच्या पोटांत असे बंध सांपडले. ज्यांचें पोट पूर्वीं कधींच उघडलें नव्हतें त्यांच्यांत हें प्रमाण शेंकडा १० च्या आसपास होतें. सर्जनच्या हातमोज्यांवर टाकण्यांत येणारी पूडही ह्या बंधांना कारण होई. अमेरिकन सरकारनें पूड लावलेले हातमोजे बंद करण्याचा हुकूम २०१६ सालीं काढला. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेनें हे बंध कमी होतात, पण अजिबात टळत नाहींत.

अशा बंधांपैकीं बहुतेक बंध जन्मभर निरुपद्रवी राहतात. परंतु एखादा दोरा दोन टोकांना ताणून बसलेला असतो, आणि आंतड्याचें वेटोळें त्याच्याखालून सरकून अडकतें, अथवा त्याच्याभोंवतींच फिरून पीळ खातें. हें शस्त्रक्रियेनंतर दहा दिवसांनीं घडेल किंवा पंचवीस वर्षांनीं घडेल. व्रण भरला म्हणजे गोष्ट संपली, असें येथें म्हणतां येत नाहीं. गरोदरपणांत गर्भाशय वाढतांना हे सारे बंध ताणले जातात, म्हणून वर्षानुवर्षें निमूट बसलेला दोरा नेमका त्याच वेळीं त्रास देतो.

हें घरांत कसें दिसतें तें पाहावें. सातवा महिना लागलेली एक सून आहे असें समजूं. तिचें अपेंडिक्स माहेरीं असतांना काढलेलें आहे. ती गोष्ट जुनी, तिची आठवण कोणी काढीत नाहीं. संध्याकाळीं तिच्या पोटांत कळ येऊं लागते. कळ येते, दोन मिनिटें राहते, जाते. सासूबाई चार बाळंतपणें केलेल्या; त्या म्हणतात, ‘बाळ फिरतंय गं, दुसरं काही नाही.’ रात्रीं दोन उलट्या होतात. ‘भात पचला नसेल.’ सकाळीं थोडें शौचास होतें आणि सर्वांना हायसें वाटतें. दुपारीं कळा परत सुरू होतात, या वेळची उलटी हिरवट असते. पोट फुगलें आहे कीं काय, हें कोण सांगणार? सातव्या महिन्यांतलें पोट तें! आणि मग घरांत एरंडेलाची बाटली बाहेर निघते.

सासूबाईंना बोल लावण्यांत अर्थ नाहीं. त्यांनीं सांगितलेली प्रत्येक गोष्ट शंभरांपैकीं नव्याण्णव वेळां खरी ठरली असती. परंतु ह्या घटनांचा क्रम नीट पाहिला असतां त्यांत इशारे होते. गरोदरपणांतील नेहमींच्या उलट्या पहिल्या दोन महिन्यांत सुरू होतात व चौथ्या पांचव्या महिन्यांत बहुधा थांबतात. त्यानंतर नव्यानें उलट्या होऊं लागल्या तर त्यांना ‘डोहाळे’ म्हणणें चूक आहे. हिरवी उलटी म्हणजे पित्ताची, ती अडथळा जठराच्या पुढें असल्याची खूण. सकाळीं शौचास झालें तें अडथळ्याच्या खालीं जें आधींच होतें तें बाहेर पडलें. त्यावरून मार्ग मोकळा आहे असें ठरत नाहीं. खरी विचारण्याची गोष्ट वारा सरतो कीं नाहीं ही. शौचही नाहीं आणि वाराही नाहीं, पोटांत कळा येत आहेत आणि उलटी थांबत नाहीं, अशी स्थिति असेल तर पुढें वाट पाहणें धोक्याचें. अडथळा वरच्या आंतड्यांत असेल तर उलटी लौकर व पोट कमी फुगलेलें. खालच्या आंतड्यांत असेल तर पोट आधीं फुगतें व उलटी उशिरां होते.

राहिलें एरंडेल. आजीबाईच्या बटव्यांतील ह्या औषधाची योग्यता कोणी नाकारीत नाहीं. पण तें आंतड्याला जोरानें ढकलावयास लावतें. पुढचें दार बंद असतां मागून ढकलल्यानें काय होणार? तटलेलें आंतडें फाटण्याची भीति वाढते. त्यावांचून एरंडेलानें गर्भाशयालाही कळा सुटतात, म्हणजे अपुऱ्या दिवसांचें बाळंतपण ओढवूं शकतें आणि मूळ दुखणें त्याच्या आड लपतें. घरीं एनिमा देण्याचीही हीच कथा. अशा वेळीं तोंडानें कांहीं न देतां रुग्णालय गांठावें, तेंही जेथें प्रसूतितज्ज्ञ व सर्जन दोघेही आहेत असें.

बाळंतपणाच्या कळा आणि ह्या कळा यांत फरक कसा करावा, असा प्रश्न साहजिकच येतो. बाळंतपणाची कळ येतांना पोटावर तळहात ठेवला तर गर्भाशय दगडासारखें कडक होतांना हाताला लागतें व कळ ओसरली कीं मऊ पडतें. आंतड्याची कळ येतांना पोटांत गुरगुर ऐकूं येईल, पण गर्भाशय मऊच राहील. मात्र हा फरक पहिल्या काहीं तासांपुरता. शेजारचें आंतडें सुजलें कीं गर्भाशयही चाळवतें आणि दोन्ही कळा मिसळून जातात. दोन कळांच्या मध्यें दुखणें पूर्ण थांबत नसेल, तें सतत व एका जागीं असेल, नाडी जलद चालूं लागली असेल, तर आंतड्याचा रक्तपुरवठा धोक्यांत आहे असें समजावें.

डॉक्टरांची अडचणही जाणून घेतली पाहिजे. रक्तांतील पांढऱ्या पेशी गरोदरपणांत मुळांतच वाढलेल्या असतात, नाडीही थोडी जलद असते. पोट दाबतांना जो ताठरपणा हाताला लागावयाचा, तो लागत नाहीं. कारण गर्भाशयानें पोटाची पुढची भिंत दुखऱ्या भागापासून दूर उचललेली असते. १९९२ सालीं अमेरिकेंतील शल्यचिकित्सेच्या एका नियतकालिकांत अशा ६६ गर्भिणींचा आढावा प्रसिद्ध झाला. शेंकडा ५८ जणींत चिकट बंधांनीं व शेंकडा २४ जणींत पिळानें मार्ग अडला होता. मातांपैकीं शेंकडा ६ दगावल्या आणि गर्भांपैकीं शेंकडा २६. रुग्णालयांत आल्यापासून पोट उघडेपर्यंत साधारणतः ४८ तास गेले होते. घरांत गेलेला वेळ ह्यांत धरलेला नाहीं.

हा विलंब होण्याचें एक मोठें कारण क्ष-किरणांची भीति हें होय. घरची माणसें हात जोडून सांगतात, ‘डॉक्टर, फोटो काढूं नका, बाळाला अपाय होईल.’ भीति निराधार नाहीं, पण ती मोजून घ्यावयास हवी. किरणांची मात्रा मिलिग्रे ह्या मापानें मोजतात. ५० मिलिग्रेंच्या खालीं गर्भाला व्यंग येण्याचें वा गर्भपात होण्याचें प्रमाण वाढल्याचें आढळलेलें नाहीं. पोटाच्या साध्या क्ष-किरण फोटोंत गर्भाला ०.१ ते ३ मिलिग्रे, आणि पोटाच्या सीटी स्कॅनमध्यें, सामान्यतः, ३५ मिलिग्रेंपर्यंत मात्रा मिळते. सोनोग्राफींत व एमआरआयमध्यें हे किरण नसतातच, म्हणून सवड असेल तर प्रथम त्यांचाच उपयोग करतात. पण मशीन दुसऱ्या गांवीं आहे म्हणून रात्र घालवावी, असा ह्याचा अर्थ नव्हे. बालकाला ह्या किरणांपासून जें भय आहे त्याहून आईच्या पोटांत सडणाऱ्या आंतड्यापासून कितीतरी अधिक आहे.

उपचाराची पहिली पायरी सर्वत्र सारखी. शिरेंतून क्षार व पाणी, आणि नाकावाटे जठरांत नळी घालून तुंबलेला द्रव काढून टाकणें. रोगिणीला उताणी न निजवितां डाव्या कुशीकडे कलती निजवितात, नाहीं तर गर्भाशयाचा भार मोठ्या शिरेवर पडून बालकाला रक्त कमी पोंचतें. अडथळा बंधांचा असून रक्तपुरवठा शाबूत असेल तर कांहीं वेळां एवढ्यानेंच मार्ग मोकळा होतो. सिग्मॉइडच्या पिळाला एक सोपी युक्ति आहे. नॉर्वेचे ब्रुसगार्ड ह्यांनीं १९४७ सालीं गुदमार्गानें दुर्बीण व नळी सरकवून पीळ सोडविण्याच्या पद्धतीचा मोठा अनुभव प्रसिद्ध केला, आणि आज लवचीक दुर्बिणीनें तेंच केलें जातें. नळी पिळापलीकडे गेली कीं वायूचा भपका निघतो व रोगिणीला तात्काळ आराम पडतो. परंतु झोपाळ्याच्या दोऱ्या तशाच असल्यानें पीळ पुष्कळदां परत पडतो. दिवस भरत आले असतील तर बाळंतपण होऊं देऊन मग तें वेटोळें काढून टाकतात. दिवस फार शिल्लक असतील तर गर्भ पोटांत असतांनाच काढावें कीं काय, ह्याचा विचार करावा लागतो. उंडुकाच्या व लहान आंतड्याच्या पिळाला मात्र पोट उघडण्यावांचून सहसा गत्यंतर नसतें. आंतडें काळें पडलें असेल तर तेवढा तुकडा कापून टोकें जोडतात, किंवा कांहीं काळ मळाचा मार्ग पोटावर काढून देतात. आंतड्याच्या शस्त्रक्रियेबरोबर सिझेरियन करावेंच लागतें असें नाहीं. गर्भाशय वाटेंत येत असेल किंवा बालकाची स्थिति तशी असेल तरच तें करतात.

पोट उघडून आंतड्यांतील अडथळा काढण्याची कल्पना आपल्याकडे नवी नाहीं. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानाच्या चौदाव्या अध्यायांत बद्धगुदोदरावर नाभीच्या खालीं डावीकडे छेद घेऊन आंतडीं बाहेर काढावीं, अडथळा दूर करावा व पोट शिवावें असें स्पष्ट सांगितलें आहे. भूल नसतांना व जंतूंचें ज्ञान नसतांना हें करूं धजणाऱ्या वैद्याच्या धैर्याचें कौतुक वाटतें, आणि त्या रोग्याचेंही!

बाळंतिणीविषयीं थोडें. सिझेरियननंतर एकदोन दिवस आंतडीं सुस्त राहणें स्वाभाविक आहे. परंतु पोट फुगतच चाललें, वारा सरेना, तर दोन गोष्टींची शंका घ्यावी. एक म्हणजे उंडुकाचा पीळ. दुसरी अशी कीं, पीळ किंवा बंध कांहींही नसतां मोठें आंतडें लुळें पडून फुगत जातें. इंग्लंडचे सर हेनेज ओगिल्वी ह्यांनीं १९४८ सालीं तिचें वर्णन केल्यामुळें तिला त्यांचें नाव मिळालें. तिच्यांतही उंडुक ताणून फुटण्याचें भय असतें. ‘वाताचा जोर आहे, ओवा द्या’ एवढ्यावर तें सोडून देऊं नये.

अलीकडे एक नवा वर्ग ह्यांत सामील झाला आहे. स्थूलपणा कमी करण्यासाठीं जठर लहान करून आंतड्याची नवी जोडणी करण्याची शस्त्रक्रिया, जिला बायपास म्हणतात, ती तरुण स्त्रिया करून घेऊं लागल्या आहेत. ह्या जोडणींत पडद्यांमध्यें फटी राहतात आणि वजन उतरून चरबी झडली कीं त्या रुंदावतात. पुढें गरोदरपणांत, विशेषतः शेवटच्या तीन महिन्यांत, आंतडें अशा फटींतून शिरून पीळ खातें. ह्या स्त्रियांना वरच्या पोटांत नुसतें दुखत राहतें, उलटी थोडीच होते, साधा क्ष-किरण फोटो पुष्कळदां निर्दोष येतो. बायपासनंतर वर्ष दीड वर्ष गर्भधारणा टाळण्याचा जो सल्ला देतात, तो शरीराचें पोषण सांवरावें म्हणून. पिळाचें भय त्यानंतरही राहतेंच.

म्हणून शस्त्रक्रियेचा कागद, मग ती अपेंडिक्सची असो, सिझेरियनची असो कीं दुसरी कोणती, लग्नाच्या पत्रिकेइतक्याच जपणुकीनें ठेवावा आणि मुलगी सासरीं जातांना तिच्याबरोबर द्यावा. कागद हरवला असेल तर निदान शस्त्रक्रियेचें साल, व्रणाची जागा आणि ती पोट उघडून झाली कीं दुर्बिणीनें, एवढें गरोदरपणाच्या पहिल्या तपासणीच्या वेळींच डॉक्टरांना सांगून त्यांच्या नोंदींत लिहवून घ्यावें.